हात खाली, मान वर

त्या वर्षी ऊन असं पडलं की फुलांना कळी म्हणून राहायला सवडच मिळेना. सकाळी घट्ट मिटलेला गुलाब दुपारपर्यंत तोंड वासून बसायचा, आणि उमललेल्या फुलाला बाहेरच्या बाजारात कुत्रं विचारत नाही. शेडच्या मागं फेकलेल्या फुलांचा ढीग रोज वाढत होता. लांबून बघणाऱ्याला वाटावं, इथं कुणाचं तरी लग्न लागलंय. जवळ गेलं की कुजका वास नाकात शिरायचा.

त्याच उन्हात शेडवर कामाला जाणाऱ्या एका घरातला कर्ता मुलगा पडला. फुलांच्या छपरावरची फाटलेली जाळी ओढून बांधत होता. लोखंडी पाइप इतका तापलेला की हात टेकला आणि सुटला, आणि तो खाली आला तो मांडीचं हाड मोडूनच. आता तो पुढच्या खोलीत खाटेवर पडून असायचा. पाय प्लॅस्टरमध्ये, प्लॅस्टरच्या आत खाज, आणि खाजवायला एक वेताची काडी. बायको लहान पोरीला कडेवर घेऊन घर सांभाळायची. घर चालत होतं ते आईच्या, म्हणजे तिच्या सासूच्या, हातावर.

आई फुलांच्या शेडमध्ये आघाडीला उभी राहायची. आघाडी म्हणजे लांब पत्र्याच्या टेबलाचं पहिलं टोक. ढिगातून देठ उचलायचा, काटे आणि खालची पानं एका ओढीत सोलायची, कात्रीनं बुडखा कापायचा आणि देठ पुढं सरकवायचा. पुढच्या बायका लांबी बघून जुड्या बांधायच्या. आघाडीचा हात जसा चालेल तसं टेबल चालायचं. ती थांबली की टेबल थांबलं, कुणाला सांगावं लागत नव्हतं. ही जागा मागून मिळत नाही. तिच्या हातांवर इतके काटे मोडलेले होते की पोरीला झोपवताना ती थोपटायची नाही, पोरीला बोचेल म्हणून मनगटानं जोजवायची.

टेबलावर बोलायला मात्र बंदी होती. मुकादमाच्या गळ्यात शिट्टी असायची, त्यावरून बायकांनी त्याचं नावच शिट्टी ठेवलं होतं. कुजबुज ऐकू आली की शिट्टी वाजायची. "तोंड चाललं की हात थांबतो," हे त्याचं ठरलेलं बोलणं. त्याचं स्वतःचं तोंड दिवसभर चालू असायचं, ते वेगळं.

असा हा मुकादम एका संध्याकाळी टोपी हातात घेऊन दारात उभा राहिला. सासू नुकतीच कामावरून येऊन पाय बादलीत घालून बसली होती. ती उठायला लागली.

"बसा मावशी, बसा. मी वहिनींकडे आलोय."

सून पदराला हात पुसत बाहेर आली.

"वहिनी, तुम्ही बारावी केलीत ना? लग्नाआधी शिकवणीत लहान पोरांना इंग्रजी शिकवायचात म्हणे."

"वर्षभरच. पहिली-दुसरीची पोरं होती."

"आमच्या बायका त्याहून पुढच्या नाहीत. फुलं घेणाऱ्या कंपनीची बाई येतेय. परदेशातली. मागं कुठल्याशा शेडवर दुभाष्यानं तिला भलतंच सांगितलं, त्यामुळं आता ती मध्ये कुणालाच घेत नाही. थेट कामगारांशी बोलणार. तुम्ही रोज काय करता, आत्ता काय करताय, असलं साधंच विचारते. पण तिला उत्तर मिळायला पाहिजे. या उन्हात हे एकच गिऱ्हाईक टिकलंय."

"आणि नाही मिळालं तर?" खाटेवरून मुलानं विचारलं.

मुकादमानं टोपी फिरवली. "मालक म्हणतात, बोलतील त्या राहतील. बाकीच्यांना सांभाळणं जमायचं नाही." मग तो सासूकडं न बघता म्हणाला, "ती बाई पहिल्यांदा आघाडीलाच येणार. आघाडी बोलली पाहिजे, मावशी."

सासूनं बादलीतले पाय हलवले. "माझी सून शिकवणार आणि मी शिकणार, असंच ना?" ती म्हणाली. "चांगलंय. घरात तेवढंच राहिलं होतं."

शेडच्या बाजूला पाण्याच्या टाकीखाली सावली होती. काम सुटलं की तिथं वर्ग भरायचा. फळा म्हणून शेडचा पत्र्याचा दरवाजा. बायका उलट्या क्रेटवर बसायच्या. दिवसभर उभं राहून सुजलेले पाय लांब करायच्या, कुणी दोऱ्यानं कापू नये म्हणून बोटांना बांधलेल्या चिंध्या सोडवायची. सुनेनं पहिल्या दिवशी खडू धरला. त्या सगळ्या तिच्यापेक्षा मोठ्या, कुणाला आत्या म्हणायची, कुणाला काकू. तिनं आवाज चढवला. भित्र्या माणसाला दुसरं काय सुचणार?

"दोन काळ शिकायचे. साधा वर्तमानकाळ आणि चालू वर्तमानकाळ."

"चालू?" टेबलाच्या मधल्या जागेवरची चष्मेवाली म्हणाली. "आमच्यात चालू बायका कमी आहेत होय?"

सगळ्या खदखदल्या. चष्मेवाली फार बोलायची. दिवसभर दाबून ठेवलेलं सगळं ती टाकीखाली मोकळं करायची.

"ऐका. रोज जे करतो ते साधा. आय कट फ्लॉवर्स एव्हरी डे. मी रोज फुलं कापते. आत्ता जे करत आहोत ते चालू. आय ॲम कटिंग फ्लॉवर्स. मी फुलं कापतेय."

"म्हणजे माझा नवरा रोज भांडतो, तो साधा," चष्मेवाली म्हणाली, "आणि आत्ता भांडतोय, तो चालू. पण तो थांबतोच कुठं? त्याला एकच काळ पुरे."

"मॅडम, माझा तर झोपतो. रोज झोपतो आणि आत्ताही झोपलाय," दुसरी म्हणाली.

सुनेलाही हसू आलं. भीती थोडी ओसरली. 'ही रोज फुलं कापते' म्हणताना कटला एस लागतो, हे शिकताना मात्र बायकांच्या नाकी नऊ आले. स्वतःसाठी एक शब्द आणि शेजारणीसाठी दुसरा, ही भानगड त्यांना पटेना. तरी हळूहळू जीभ वळायला लागली.

सासू मागच्या क्रेटवर बसायची. तिला रिकामं बसणं माहीतच नव्हतं. फेकायच्या ढिगातून चार देठ उचलून आणायची आणि मांडीवर घेऊन उगाच सोलत बसायची. तिच्या तोंडातून शब्द फुटत नव्हता. सूनही तिला विचारायचं टाळायची. कसं विचारणार? घरी जिच्यापुढं आवाज चढवायचा नाही, तिला टाकीखाली 'चला, म्हणून दाखवा' कसं म्हणायचं? शेवटी चष्मेवालीनंच कळ काढली.

"मॅडम, घरच्यांना सूट आहे वाटतं?"

सुनेचे कान तापले. "आई," ती म्हणाली, "व्हॉट आर यू डुइंग?"

सासूनं वर बघितलं नाही. देठ सोलता सोलता, हाताच्या ओढीबरोबर, पुटपुटावं तसं ती म्हणाली, "आय ॲम कटिंग फ्लॉवर्स."

बरोबर होतं. अगदी बरोबर. पण सुनेच्या डोक्यात तिची शाळा बसलेली. तिथं बाकावर बसून, हातात काहीतरी घेऊन उत्तर दिलं तर गुरुजी पट्टी मारायचे. उत्तर बरोबर असलं तरी मारायचे. शिस्त म्हणजे हीच, असं ती शिकली होती. आणि सगळ्या बायका मागं वळून बघत होत्या.

"असं नाही, आई. हातातलं खाली ठेवा. उभ्या राहा. हात खाली, मान वर, समोरच्याकडे बघा आणि मग बोला. ती परदेशातली बाई आहे. तिच्याशी असं तोंडातल्या तोंडात बोलून कसं चालेल?"

सासूनं देठ खाली ठेवले. उभी राहिली. हात बाजूला सोडले. त्या हातांचं काय करायचं, हे तिला कळेना. बोटं आपोआप मिटत उघडत राहिली. तोंड उघडलं आणि आवाजच आला नाही.

"म्हणा ना. आय ॲम..."

"आय..."

"मोठ्यानं."

"आय... कट..."

"ॲम! ॲम कुठं गेलं? आत्ता म्हटलं होतंत ना!" सुनेचा आवाज पट्टीसारखा वाजला. चष्मेवालीनं हसू दाबलं. तिच्या शेजारणीनं दाबलं नाही.

सासू तशीच उभी राहिली, कुणी बस म्हणेपर्यंत. सुनेला बस म्हणायचंही सुचलं नाही.

घरी जाताना दोघी एकाच रस्त्यानं गेल्या, पण सासू पुढं आणि सून मागं. घरी पोचल्यावर सासूनं पोरीला उचललं आणि मुलाच्या खाटेशी जाऊन बसली. "माझी जेवायची इच्छा नाही," एवढंच म्हणाली.

"काय झालं?" मुलानं बायकोला विचारलं.

"काही नाही. शिकवलं."

"सगळ्यांसमोर?"

"मग काय एकट्यात शिकवू? मुकादम काय म्हणाला ऐकलंत ना तुम्ही? आघाडी बोलली नाही तर आघाडी जाईल. मग खायचं काय? तुमचं प्लॅस्टर?"

तो वेताची काडी प्लॅस्टरमध्ये घालून खाजवत राहिला. पडून राहणाऱ्या माणसाला घरात बोलायचा हक्क किती, हे त्याला रोज नव्यानं कळत होतं.

दुसऱ्या आठवड्यात मुकादमानं सासूला बाजूला घेऊन सांगितलं, की जमत नसेल तर आघाडीला चष्मेवालीला उभं करतो. तिचा हात संथ आहे, पण जीभ तरी चालते. सासू घरी आली आणि स्वतःहून सुनेसमोर भिंतीला पाठ लावून उभी राहिली.

"घे," ती म्हणाली. "कसं उभं राहू ते सांग."

सुनेला म्हणावंसं वाटलं, की राहू द्या आई, बसून म्हणा, देठ घेऊन म्हणा. पण इतक्या दिवसांत सगळं टेबल उभं राहून बोलायला शिकलं होतं. आता मध्येच बदललं तर बायका गोंधळतील, असं तिनं स्वतःला समजावलं. आणि खरं सांगायचं तर उभ्या राहून एकसुरात बोलणाऱ्या बायका बघून तिला बरं वाटायला लागलं होतं. मालक एकदा येऊन बघून गेले होते. 'वा, शिस्त लावलीत,' म्हणाले होते. ऑफिसात इंग्रजी पत्रं वाचायला कुणीतरी लागेल, असंही जाता जाता म्हणाले होते. ते वाक्य तिनं घरात कुणाला सांगितलं नव्हतं.

"हात खाली," ती म्हणाली. "मान वर."

रोज भिंतीशी हे चाललं. चूल पेटायच्या आधी आणि जेवणं झाल्यावर. सासूच्या कपाळावर घाम यायचा. काटे सोलताना न येणारा घाम नुसतं उभं राहून यायचा. मुलगा खाटेवरून प्रश्न विचारायचा, मुद्दाम आवाज बायकी काढून, "व्हॉट आर यू डुइंग?" पोरगी टाळ्या वाजवायची. आणि एका सकाळी सासू एका दमात म्हणाली, "आय कट फ्लॉवर्स एव्हरी डे. आय ॲम कटिंग फ्लॉवर्स नाऊ."

"आई!" मुलगा ओरडला. "अगं, मडमेला मागं टाकलंस की!"

सासू हसली. तोंडावर हात घेऊन हसली, लहान पोरीसारखी. सुनेनं वाकून तिच्या पायाला हात लावला. का लावला, ते तिलाही कळलं नाही. त्या सकाळी घर हलकं झालं होतं, हे मात्र खरं.

पाहुणी बाई आली त्या दिवशी उन्हानं कहर केला होता. शेडच्या पत्र्याखाली उभं राहवत नव्हतं. बायकांना नव्या टोप्या आणि नवे हातमोजे दिले होते. हातमोजे कडक, बोटं वाकेनात. सून दाराशी उभी होती, धुतलेली साडी नेसून. मालकांनी तिला मुद्दाम थांबवून घेतलं होतं. मुकादमानं शिट्टी खिशात टाकली होती.

पाहुणी बाई उंच होती, घामानं लाल झालेली, चेहरा मात्र हसरा. कुणाला घाबरवायला आलेली ती मुळीच वाटत नव्हती. आल्या आल्या तिनं एक फेकलेलं फूल उचलून हुंगलं. मग सरळ आघाडीला आली. सासूचे हात झरझर चालले होते. देठ येत होते, सोलले जात होते, कापले जात होते. बाई जरा वेळ नुसती त्या हातांकडं बघत राहिली. मान हलवली, वा म्हणावं तशी.

मग तिनं गोड आवाजात विचारलं, "व्हॉट आर यू डुइंग?"

सासूनं कात्री खाली ठेवली. देठ खाली ठेवला. पाय जुळवले. हात बाजूला सोडले आणि मान वर केली.

"आय ॲम कटिंग फ्लॉवर्स," ती खणखणीत म्हणाली.

एक अक्षर चुकलं नाही. पण आघाडी थांबली होती, त्यामुळं टेबल थांबलं. एकामागून एक, शेवटच्या टोकापर्यंत, सगळ्या बायकांनी हातातलं खाली ठेवलं, पाय जुळवले, माना वर केल्या. टेबलाच्या पत्र्यावर पडलेले देठ तसेच पडून राहिले.

बाईचं हसू थोडं मावळलं. तिनं हातानं खुणावलं, करा, करा, थांबू नका. ती काहीतरी बोललीही, पण ते वर्गात झालेलं नव्हतं. बाई आणखी काहीतरी विचारतेय, असं समजून बायका आणखी ताठ झाल्या. बाई चष्मेवालीपाशी गेली. एरवी कुणाला न आवरणारी चष्मेवाली डोळे समोर रोखून पाठ केलेलं म्हणाली. पुढचीही म्हणाली. त्याच आवाजात, तेच वाक्य. सून दाराशी उभी राहून बघत होती. आपण काय करून ठेवलंय, ते तिला आत्ता दिसत होतं. या बायका सुरुवातीला टाकीखाली नवऱ्यांच्या गमती करत हेच वाक्य हसत हसत म्हणायच्या. आता त्या कैद्यांना रांगेत उभं केल्यासारख्या दिसत होत्या.

बाई परत आघाडीला आली. तिनं सासूच्या खांद्यावर हात ठेवला. सासूचं अंग थरथरत होतं. बाई मालकांकडे वळली आणि खालच्या आवाजात बरंच बोलली. सुनेला अर्धं समजलं, पण तेवढं पुरे होतं. ही माणसं इतकी का घाबरलीत, असं बाई विचारत होती. तुम्ही यांना काय करता, असं विचारत होती.

गाडी गेली. मालक परत शेडमध्ये आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. "निम्मी फुलं घेणार म्हणते," ते मुकादमाला म्हणाले. "पुढच्या हंगामात परत येऊन बघणार. माणसांना धाकात ठेवता म्हणाली. मला! तुझी शिट्टी मी खिशात टाकायला लावली, तरी हे झालंच कसं?"

मुकादम टेबलाकडं वळला. स्वतःच्या अंगावर आलेलं दुसऱ्यावर ढकलायची त्याला घाई होती. "हे उभं राहायचं खूळ कुणी काढलं? बोला ना. आत्ता का तोंडाला कुलूप? टाकीखालच्या वर्गात ठीक होतं, टेबलावर काम टाकून उभं राहायला कुणी सांगितलं?"

बायका खाली बघत राहिल्या. कुणी सुनेकडं बघितलं नाही, हे त्यांचं मोठेपण म्हणायचं. सुनेनं तोंड उघडलं. मी, एवढंच म्हणायचं होतं. तिच्या डोळ्यांपुढं खाटेवरचा नवरा आला, कडेवरची पोर आली, आणि लाज वाटते पण सांगायलाच हवं, ऑफिसातलं टेबलही आलं. तिनं तोंड मिटलं. सासूनं एकदा दाराकडं बघितलं. बराच वेळ बघितलं. मग तिनं नवे हातमोजे काढून टेबलावर ठेवले.

"मी उभी राहिले," सासू म्हणाली. "आघाडीला मी. मी थांबले म्हणून टेबल थांबलं."

"कुणी सांगितलं होतं?"

"कुणी कशाला सांगायला पाहिजे? मोठं माणूस समोर आलं, उभी राहिले."

मालकांना कुणाचं तरी नाव हवंच होतं. निम्म्या फुलांना निम्म्याच बायका लागणार होत्या, आणि सुरुवात कुठून करायची हे त्यांना आयतं मिळालं. "मावशी, उद्यापासून आराम करा," ते म्हणाले. आवाज वाईट नव्हता. मग सुनेकडं वळून म्हणाले, "बाई पुढच्या हंगामात येईल तोवर या बायकांना माणसासारखं बोलायला शिकवा. सकाळी ऑफिसात या."

सासू भर दुपारी एकटी घरी गेली. सून काम सुटेपर्यंत थांबली. थांबा म्हटलं होतं म्हणून थांबली.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा सासू उंबऱ्यात बसली होती. पोर तिच्या मांडीवर झोपली होती. मुलगा खाटेवर भिंतीकडं तोंड करून पडला होता. सासूनं पोरीला हळूच खाली ठेवलं, आत गेली आणि पाण्याचा तांब्या भरून आणला. कामावरून आलेल्या माणसाला द्यावा तसा सुनेच्या हातात दिला.

"बस. दमली असशील."

सून उभीच राहिली. "आई, चूक माझी होती," ती म्हणाली. "मी उभं राहायला लावलं. तुम्ही तर पहिल्याच दिवशी बरोबर..." ती रडायला लागली.

"माहीत आहे मला."

"मग तुम्ही सांगितलं का नाही? माझं नाव का घेतलं नाही?"

सासू पदरानं मान पुसत होती. तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर सुनेला सोपं गेलं असतं.

"तू बोलशील म्हणून थांबले होते," ती म्हणाली. "नाही बोललीस. मग कुणीतरी बोलायला नको का?"

आत खाट करकरली. सुनेनं तांब्या तोंडाला लावला आणि एक घोट घेऊन खाली धरला.

"पी सगळं," सासू म्हणाली. "आणि साडी धुवायला टाक, उद्या ऑफिसात जायचंय तुला. मुलीचं मी बघते."